पट्ट्याचे नवे भोक

गेल्या हिवाळ्यातील ही गोष्ट. एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. सासरे तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार, वय बहात्तर. सूनबाईंच्या हातात कापडी पिशवी होती. तीतून त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टर, बाबांचा खोकला या डब्यामुळे आहे. यात रेडियम आहे. आता तुम्हीच सांगा त्यांना, हे भंगारात द्यायला."

डब्यात घड्याळे होती. देवळाली कॅम्पात तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे लॅम रोडच्या आसपास निवृत्त सैनिकांची घरे पुष्कळ, आणि असा एखादा डबा यापूर्वीही मी पाहिलेला आहे. सुभेदारसाहेबांचा संग्रह मात्र निगुतीने जमवलेला. एचएमटीची 'जवान', 'सैनिक' आणि 'पायलट' ही चावीची घड्याळे होती. आखाती देशात नोकरी केलेल्या मेव्हण्याने दिलेले पाणबुड्यांचे एक जपानी घड्याळ होते. आणि डब्याच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेले, मागच्या झाकणावर बाणाची खूण असलेले एक ब्रिटिश लष्करी घड्याळ. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने बारा स्विस कंपन्यांकडून सैन्यासाठी एकाच नमुन्याची घड्याळे बनवून घेतली होती. शौकीन मंडळी त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात. हे त्यांपैकीच असल्याचे सुभेदारसाहेबांनी मला खोकत खोकत, परंतु अभिमानाने सांगितले.

सूनबाईंची भीती निराधार नव्हती, हे प्रथम सांगतो. आपण मराठीत अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला 'रेडियम' म्हणतो. गाडीच्या मागे लावलेल्या पट्ट्यांना रेडियम म्हणतो, त्यांत रेडियमचा कणही नसतो. परंतु साधारण १९६० पूर्वीच्या चमकत्या काट्यांच्या घड्याळांत बहुधा खरेखुरे रेडियमच असे. न्यू जर्सी येथील कारखान्यात अशा तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुली कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करीत. १९२०च्या दशकात त्यांच्यापैकी अनेकींच्या जबड्याची हाडे सडली आणि काहींचा मृत्यू झाला. रेडियम पोटात गेले की शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते, हे त्यामागील कारण.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. जुन्या घड्याळाचे काटे आता चमकत नाहीत, म्हणजे रेडियम संपले असे नाही. चमकत असे ते त्यात मिसळलेले झिंक सल्फाइड. ते काही वर्षांत थकते. रेडियम निम्मे होण्यास सोळाशे वर्षे लागतात. त्यानंतरच्या लष्करी घड्याळांत ट्रिटियम वापरले गेले. ब्रिटिश घड्याळांच्या तबकडीवर वर्तुळातील 'टी' हे अक्षर त्यासाठीच असते. ते सुमारे बारा वर्षांत निम्मे होते आणि त्यामानाने पुष्कळ सौम्य आहे. आजच्या घड्याळांतील चमकत्या रंगात किरणोत्सर्ग नसतो.

मग डबा टाकून द्यावा काय? नाही, आणि भंगारात तर मुळीच देऊ नये, कारण तेथे कोणीतरी ते घड्याळ फोडेल किंवा जाळेल. रेडियमच्या किरणांपैकी बहुतांश किरण काचेपलीकडे येतच नाहीत. धोका आहे तो काच उघडण्यात, तबकडीवरील पिवळी-तपकिरी भुकटी खरवडण्यात आणि ती श्वासातून किंवा बोटांवाटे पोटात जाण्यात. म्हणून असे घड्याळ घरी उघडू नये. दुरुस्तीला देताना कारागिराला आधी कल्पना द्यावी, उशाशी ठेवू नये, हवा खेळती असेल अशा जागी ठेवावे आणि नातवंडांच्या हाती देऊ नये. सुभेदारसाहेबांनी ते कधीच उघडलेले नव्हते. एका घड्याळाने असा खोकला येत नाही.

हे सर्व मी सूनबाईंना समजावत असताना सुभेदारसाहेब मनगटावरील 'जवान' काढून मला दाखवू लागले. तेव्हा माझे लक्ष पट्ट्याकडे गेले. चामड्यावर बकलाची जुनी, खोल वळ उमटलेली होती. तिच्या आत खिळा तापवून पाडलेली दोन नवी भोके होती आणि बकल दुसऱ्या भोकात लावलेले होते.

"ही भोके कधी पाडलीत?"

"एक दिवाळीआधी. दुसरे आता पंधरा दिवसांपूर्वी. घड्याळ कोपराकडे सरकते हो."

वजन केले. गेल्या उन्हाळ्यातील नोंदीपेक्षा सात किलो कमी भरले. ताप येत नव्हता, रक्तही पडत नव्हते; जेवण कमी झाले होते, परंतु "या वयात इतकेच लागते" असे घरातील सर्वांनी धरून चालले होते. आणि कबूल करतो, त्याच खोकल्यासाठी महिन्यापूर्वी मीच त्यांना खोकल्याचे औषध लिहून दिले होते, आणि तेव्हा वजनकाट्यावर उभे केले नव्हते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी व्हायलाच हवी. वृद्धांमध्ये क्षयरोग पुष्कळदा तापाविनाच येतो, केवळ अशक्तपणा आणि घटते वजन घेऊन. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. रक्तातील साखरही वाढलेली निघाली. क्षय आणि मधुमेह एकमेकांच्या सोबतीने येतात, म्हणून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासावी लागते. घरातील इतरांचीही तपासणी करून घेतली.

क्षयाचे औषध सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते आणि साध्या क्षयासाठी सहा महिने घ्यावे लागते. त्यात इथॅम्बुटॉल नावाची गोळी असते. क्वचित ती दृष्टीच्या मज्जातंतूवर परिणाम करते: अक्षरे धूसर होतात, लाल आणि हिरवा रंग फिका दिसू लागतो. ते वेळीच लक्षात येऊन औषध बदलले तर दृष्टी बहुधा सुधारते. ज्येष्ठांच्या बाबतीत अडचण अशी की मोतीबिंदू समजून ते गप्प बसतात. सुभेदारसाहेबांना मी सांगितले, "रोज सकाळी चावी देताना एकेक डोळा झाकून तबकडीवरचे बारीक आकडे वाचायचे. पाणबुडी घड्याळाच्या कड्यावरचा लाल रंग काल होता तसाच दिसतो का, ते पाहायचे. फरक वाटला तर त्याच दिवशी या."

त्यांना हे काम मनापासून पटले. चावीचे घड्याळ साधारण दीड दिवस चालते, म्हणून रोज ठरल्या वेळी चावी द्यावी लागते. औषधाची वेळही तीच ठेवली. ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत याच देवळालीत महिनोन्‌महिने रिकामे बसत. त्यातून इंग्रजीत भ्रमिष्टपणासाठी 'डूलाली टॅप' हा शब्दप्रयोग आला. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. निवृत्तीनंतरचे रिकामपण मी येथील घरांत रोज पाहतो. म्हणून डबा हिरावून घेऊ नका, असे सूनबाईंना मी आग्रहाने सांगितले.

एक गोष्ट मात्र मी डब्यातून काढायला लावली. सेलवरच्या घड्याळांसाठी सुभेदारसाहेब बटणासारखे सुटे सेल गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवत. चष्म्याशिवाय तो सेल गोळीसारखाच दिसतो. मोठा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तेथे भाजल्यासारखी जखम करतो. लहान मुलांनी सेल गिळल्याचे आपण ऐकतो. ज्येष्ठांकडूनही गोळी समजून तो गिळला जातो. तसे झाले तर उलटी करवू नये, वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे.

सध्या त्यांचा चौथा महिना चालू आहे. खोकला थांबला आहे, वजन तीन किलो वाढले आहे, आकडे नीट वाचता येतात. परवा आले तेव्हा बकल पहिल्या नव्या भोकात होते. पट्टा जीर्ण झाला म्हणून नवा घ्या, असे सूनबाई म्हणत होत्या. मी त्यांना अजून दोन महिने थांबायला सांगितले आहे.