फुकटची थैली आणि परतीचे बारदान

फुकट म्हणून हाती येणाऱ्या वस्तूची किंमत कोणाच्या तरी खात्यावर नावे पडलेली असतेच, हे पेढीवर वाढलेल्या मनुष्यास निराळे शिकवावे लागत नाही. जमेची बाजू आहे तेथे नावेची बाजू असावयाचीच. असे असूनही आपल्या सुशिक्षित व सधन मंडळींत अलीकडे एका फुकटच्या वस्तूचे मोठे कौतुक दिसून येते. ती वस्तू म्हणजे लांब पल्ल्याच्या विमानात वरच्या वर्गाच्या उतारूंस मिळणारी सोयीची थैली. विमान कंपन्या तिला 'अ‍ॅमेनिटी किट' असे म्हणतात. या थैलीसंबंधाने चार शब्द सभासदबंधूंपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे ठेवावेत, अशा हेतूने हा लेख लिहिला आहे.

मावल्यासारख्या ठिकाणी बसून विमानातील थैलीचा विचार कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या दारावरून जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जसा नागपूरला व हैदराबादला जातो, तसाच तो तेथील विमानतळांपर्यंतही जातो. आपल्या घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी व व्यापारासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. २०२५ साली आदिलाबाद येथील जुन्या धावपट्टीच्या जागी हवाई दल व नागरी वाहतूक या दोहोंच्या उपयोगाचा विमानतळ उभारण्यास संरक्षण मंत्रालयाने संमती दिली. उद्या येथून सुटणाऱ्या लहान विमानात अशी थैली कोणी वाटणार नाही हे खरे. पण विमानाचा प्रवास जसजसा अंगवळणी पडेल, तसतशा त्याच्या सवयीही घरात शिरतील. सवय जडण्यापूर्वीच तिचा विचार केलेला बरा.

प्रथम थैलीत असते काय ते पाहू. दात घासण्याचा ब्रश, बोटभर लांबीची पेस्टची नळी, पायमोज्यांचा जोड, डोळ्यांवर बांधण्याची पट्टी, कानांत घालावयाचे बोळे, फणी, ओठांस व हातांस लावण्याची मलमे, क्वचित अत्तराची कुपी. यातील बहुतेक वस्तू पुन्हा स्वतंत्र वेष्टनात असतात आणि सर्वांना मिळून एक सुबक थैली असते, जिच्यावर एखाद्या नामांकित विलायती घराण्याचे नाव असते. उतारू पायमोजे घालतो, ब्रश एकदा वापरतो, बाकीच्या वस्तू चाळून पाहतो आणि उतरताना अर्ध्या आसनावर टाकतो. उरलेल्या घरी येतात व कपाटात पडून राहतात. नातलगांच्या घरी अशा आठ-दहा थैल्या न उघडलेल्या स्थितीत पाहण्यात आल्या आहेत. त्यांचा उपयोग विचारला असता कोणासही उत्तर देता आले नाही.

विमानातून भेटवस्तू देण्याची चाल आपल्या देशास नवी नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनला गेले, आणि त्या दिवसापासून त्या कंपनीच्या परदेशगमनाच्या विमानसेवेस आरंभ झाला. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४६ साली, बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनी कंपनीचा तो वाकून नमस्कार करणारा महाराजा निर्माण केला होता. उतारू हा पाहुणा आणि कंपनी ही यजमान, ही कल्पना त्या चित्रात होती. पुढे १९६७ साली साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध स्पॅनिश चित्रकाराकडून कंपनीने चिनी मातीचे एक रक्षापात्र करवून घेतले व पहिल्या वर्गाच्या निवडक उतारूंस ते भेट दिले. मोबदला म्हणून दालीने हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते खरोखरच पाठविले! धूम्रपानाचे साधन भेट देणे आणि मुक्या प्राण्याने देणे फेडणे, या दोन्ही गोष्टी आपणांस रुचण्यासारख्या नाहीत. तथापि एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. ती वस्तू थोडी केली गेली, चांगली केली गेली आणि जपून ठेवली गेली. आज संग्राहक ती शोधत फिरतात. आजच्या थैलीचा पायमोजा मात्र दुसऱ्या दिवशीही कोणी शोधत नाही.

आपल्या श्रावकाचारात भोग आणि उपभोग असा एक सूक्ष्म भेद सांगितला आहे. जे एकदाच सेवन केले जाते ते भोग. उदाहरणार्थ अन्न व फुले. जे पुन:पुन्हा वापरले जाते ते उपभोग. उदाहरणार्थ वस्त्र, भांडे व शय्या. गृहस्थाने दोहोंची मर्यादा बांधून घ्यावी, असा तो व्रताचा भाग आहे. लहानपणी पाठशाळेत हा भेद ऐकताना केवळ शब्दांचा वाटतो, पण या थैलीने त्याचा अर्थ उघड करून दाखविला आहे. पायमोजा ही उपभोगाची वस्तू, ब्रश व फणीही उपभोगाची. त्या वस्तूंचे आयुष्य महिन्यांचे वा वर्षांचे असता त्यांस एका रात्रीचे भोग करून टाकले जाते. तो जोड विणण्यास लागलेले सूत, वीज, पाणी व माणसाचे श्रम यांत मात्र काही कमी झालेले नसते. वस्तू टिकाऊ करावयाची आणि वापर क्षणिक करावयाचा, हा या व्यवहाराचा मूळ दोष आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता थोडा हिशेब मांडू. हा हिशेब कोणा कंपनीचा नव्हे, केवळ समजुतीसाठी आहे. समजा, एका विमानात वरच्या वर्गाच्या ४० जागा आहेत आणि एक थैली पाव किलोची आहे. एका फेरीस १० किलो झाले. जाणे व येणे मिळून रोज २० किलो, म्हणजे वर्षास ७,३०० किलो. आपल्या भाषेत बोलावयाचे तर ७३ क्विंटल, अर्थात पन्नास किलोची १४६ पोती. आणि हे एकाच मार्गावरील एका विमानाचे! शिवाय हे वजन आकाशातून वाहून न्यावे लागते. लांबच्या प्रवासात जादा वजनाच्या सुमारे अडीच ते चार टक्के इंधन दर तासाला लागते, असा ढोबळ नियम आहे. दहा तासांच्या प्रवासास किलोमागे पाव किलो धरले, तरी त्या ७३ क्विंटलांपायी अठरा क्विंटलांच्या वर इंधन जळाले. एक किलो विमान-इंधन जळाले म्हणजे सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. तेव्हा ज्यास आपण फुकट म्हणतो, त्याचे भाडे तिकिटात भरले जाते आणि उरलेली नावेची रक्कम हवेच्या खाती पडते.

जगातील विमान कंपन्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली विमानांतील खानपान व उतारूंचा कचरा ३६ लाख टन निघाला. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश अन्न व पेये होती. धान्याच्या व्यापाऱ्यास हा आकडा वाचून वाईट वाटल्यावाचून राहणार नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. परदेशातून आलेल्या विमानातील अन्न व त्यास लागलेली वेष्टने यांतून जनावरांचे व पिकांचे रोग पसरतील, या भीतीने अनेक देशांत तो कचरा जाळून टाकणे किंवा खोल पुरणे बंधनकारक आहे. आसनावर टाकलेला कोरा ब्रश एकदा त्या कचऱ्यात मिसळला की तोही त्याच वाटेने जातो. म्हणून वस्तू कशाची केली आहे एवढे पाहून भागत नाही. ती शेवटी जाते कोठे, हेही पाहिले पाहिजे.

या ठिकाणी आपल्या धंद्यातील एक जुनी रीत सांगावीशी वाटते. धान्य विकताना काटा झाल्यावर बारदानाचे वजन वजा केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. वेष्टन हे मालाहून वेगळे, त्याची किंमत वेगळी आणि त्याची वाटही वेगळी, हे आपण कधी विसरत नाही. तागाचे पोते एकदा वापरून फेकल्याचे कोणत्याही अडत दुकानात दिसणार नाही. नवे बारदान प्रथम चांगल्या मालास लागते, मग हलक्या मालास. फाटले तर दाभण-सुतळीने शिवले जाते. अगदीच जीर्ण झाले म्हणजे शेतकरी पावसात डोक्यावर त्याची खोळ घेतो, आणि शेवटी उंबऱ्यापुढे पाय पुसण्यास ते पडते. मग मातीत जाते व मातीच होते. या व्यवस्थेस कोणी मोठे नाव दिले नाही व तिच्यासाठी परिषदा भरविल्या नाहीत. काटकसर हेच तिचे शास्त्र होते.

रेल्वेचेही तसेच आहे. नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईस जाणाऱ्या आपल्या मंडळींस वातानुकूलित डब्यात कागदी पाकिटात दोन चादरी व उशीचा अभ्रा मिळतो. सकाळी ते परत घेतले जातात, धुलाईस जातात आणि दुसऱ्या उतारूच्या सेवेस येतात. महामारीच्या काळात ही सोय बंद होती. मार्च २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तेथे तक्रारी असतील, पण पद्धत शहाणपणाची आहे. दिलेले परत येते.

या मतावर आक्षेप येणार नाहीत असे नाही. पहिला आक्षेप असा की, विमानाच्या एकंदर धुरात थैलीचा वाटा तो कितीसा? हे म्हणणे सत्य आहे. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमान वाहतुकीचा वाटा दोन-अडीच टक्के मानतात, व त्यात थैली म्हणजे पोत्यातील दाणा. परंतु विमानाचे यंत्र बदलणे आपल्या हाती नाही. थैली नाकारणे आपल्या हाती आहे. वखारीत तूट येते ती एकदम येत नाही, दाण्यादाण्यानेच येते. दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. दुसऱ्याचा ब्रश कोणी वापरावा असे येथे कोणीच म्हणत नाही. ज्याने त्याने आपला बरोबर न्यावा, एवढेच म्हणणे आहे. तिसरा आक्षेप असा की, दाम भरले आहेत तर वस्तू का सोडावी? यास उत्तर एवढेच की, पंगतीचे पैसे भरले म्हणून भुकेहून अधिक पानात वाढून घेणारा मनुष्य चतुर ठरत नाही.

विमान कंपन्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. एमिरेट्स कंपनीने एका ब्लँकेटास प्लास्टिकच्या २८ जुन्या बाटल्या या प्रमाणात पुनर्निर्मित धाग्याची ब्लँकेटे केली. तिच्या साध्या वर्गाच्या थैलीतील ब्रशात गव्हाच्या काडाचा अंश असतो, हे आपल्या धंद्यातील लोकांस विशेष वाटेल. एअर इंडियाने २ ऑक्टोबर २०१९ पासून एकदाच वापरावयाचे प्लास्टिक बंद करण्याचा आरंभ आपल्या उपकंपन्यांच्या विमानांपासून करण्याचे जाहीर केले. १ जुलै २०२२ पासून तर आपल्या सरकारने देशभर अशा अनेक वस्तूंवर बंदी घातली, व तीत कान कोरण्याच्या प्लास्टिक काड्याही आल्या. हे सर्व स्वागतार्ह आहे. तथापि काडाचा ब्रशही एकदाच वापरून टाकला तर तोही टाकलाच गेला. वस्तूचे द्रव्य बदलले, तिचे भोगपण बदलले नाही. मागेल त्यासच थैली द्यावी आणि न मागणाऱ्याची जपून ठेवावी, हा उपाय याहून साधा व कमी खर्चाचा आहे. आपल्या सभासदांपैकी जे वरचेवर परदेशी जातात, त्यांनी भाडे भरणारे गिऱ्हाईक या नात्याने कंपन्यांस तसे अवश्य लिहावे. गिऱ्हाइकाच्या पत्रास व्यापारी उत्तर देतो, हा आपला स्वत:चा अनुभव आहे.

उपदेश दुसऱ्यास करून थांबणे बरे नव्हे. म्हणून आपल्या आचरणासाठी काही गोष्टी सुचवितो. एक, प्रवासास निघताना घरची सुती थैली बरोबर घ्यावी. आदिलाबाद जिल्हा कापसाचा; येथील मनुष्याने परक्या नावाच्या कृत्रिम धाग्याच्या थैलीचे अप्रूप मानावे, यात शोभा नाही. दोन, विमानातील थैली नको असल्यास मोहोर न फोडता सेवकाच्या हाती परत द्यावी. आसनावर टाकू नये. तीन, घरात साठलेल्या कोऱ्या थैल्या बाहेर काढाव्यात. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात खेड्यापाड्यांतून आलेल्या रोग्यांचे नातलग रात्रंदिवस बसून असतात, आणि पुष्कळदा घाईत ब्रश-साबणही बरोबर आणलेले नसतात. त्यांच्या हाती त्या वस्तू गेल्या तर उपभोगाची वस्तू खऱ्या उपभोगास लागेल व दानाचे पुण्यही पदरी पडेल.

चौथी सूचना संघाच्या कार्यकारी मंडळास आहे. आपल्या वार्षिक अधिवेशनात प्रत्येक प्रतिनिधीस चकचकीत पिशवी, तीत फाईल, पेन, किल्लीचे कडे व पाण्याची बाटली देण्याचा प्रघात पडत चालला आहे. दिवाळीस पेढ्यांकडून ग्राहकांस जाणाऱ्या भेटींचीही तीच कथा. विमानातील थैली व ही पिशवी सख्ख्या बहिणी आहेत. येत्या वर्षी एकच जाडसर सुती पिशवी द्यावी, तिच्यावर साल छापू नये, म्हणजे ती पुढील वर्षीही चालेल. आणि जे सभासद मागील पिशवी घेऊन येतील त्यांस नवी देऊ नये. वाचलेली रक्कम विद्यार्थी साहाय्य निधीत जमा करावी. ही सूचना सर्वसाधारण सभेपुढे ठरावरूपाने यावी, अशी नम्र विनंती आहे.

पाहुण्यास रिकाम्या हाताने पाठवू नये, ही आपली रीत आहे आणि ती राहावी. पण हाती द्यावयाचे ते त्याच्या उपयोगी पडावे, टिकावे, आणि शेवटी कोणाच्या तरी खात्यावर कचरा म्हणून नावे पडू नये, एवढी दक्षता देणाऱ्याने व घेणाऱ्यानेही बाळगावी.