कावीळ वॉर्डात, कारण नाल्यात

पावसाळा सुरू झाला की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पिवळे डोळे दिसू लागतात. काही वर्षांपूर्वी आठव्या महिन्यातली एक गर्भवती आली. कावीळ हिपॅटायटिस ‘ई’ची निघाली. नवरा कळवळून सांगत होता, “डॉक्टरसाहेब, बाहेरचं काही खात नाही आम्ही. पाणीसुद्धा नळाचंच पितो.” तो खरेच बोलत होता. पण नळाचे पाणी नदीचे होते आणि जॅकवेलच्या थोडे वर गावचा नाला नदीला मिळत होता. ती वाचली, बाळ वाचले नाही.

हा विषाणू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. बहुतेक जण आपोआप बरे होतात. मात्र गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लागण झाली, तर शंभरातल्या २० ते २५ जणी दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला दोन ते दहा आठवडे लागतात. म्हणजे रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा दूषित पाणी कधीच गावभर पोहोचलेले असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा महाराष्ट्राने हे पाहिले आहे. साथ रुग्णालयात थांबवता येत नाही, ती नदीच्या काठावरच थांबवावी लागते.

छोट्या गावांत हा विषय निघाला की एकच उत्तर मिळते: “भुयारी गटार योजना मंजूर होऊ द्या.” योजना हवीच. पण तोपर्यंत काय? घरोघरी शौचालये झाली, त्यांच्या टाक्या जमिनीखाली गेल्या आणि आपण त्यांना विसरलो. टाकी गाळाने भरली की मैला खाली बसायला जागाच उरत नाही. तो पाण्याबरोबर गटारात जातो. तुंबल्यावर कोणीतरी उपसा करणारी गाडी बोलावतो. ती गाडी नंतर कुठे रिकामी होते, हे कोणी विचारत नाही. अनेकदा ती नाल्यातच रिकामी होते.

कृष्णाकाठच्या वाईने यावर वेगळी वाट काढली. सुमारे ३६ हजार वस्तीच्या (२०११ची जनगणना) या गावात २०१८ पासून टाक्या तुंबायची वाट न पाहता, दर तीन वर्षांनी एकदा अशा वेळापत्रकाने उपसल्या जाऊ लागल्या. मैल्यासाठी वेगळे प्रक्रिया केंद्र उभे राहिले. सिन्नरनेही हीच पद्धत घेतली. यामुळे गटारातले सांडपाणी शुद्ध होत नाही, हे मान्य. पण सर्वांत घातक भाग नदीपासून दूर राहतो आणि त्यासाठी प्रत्येक गल्ली खोदावी लागत नाही.

जिथे सांडपाणी प्रकल्प झाला आहे, तिथे दुखणे वेगळे असते. उद्‌घाटनाला पैसे असतात, वीजबिलाला नसतात. वीज थकली की पंप बंद आणि सांडपाणी बाजूच्या नाल्याने थेट नदीत. चालू प्रकल्पातही शेवटचे निर्जंतुकीकरण टाळले, तर पाणी दिसायला स्वच्छ असते, पण त्यात रोगजंतू राहतात. आणि पुढच्या गावाने नळाच्या पाण्यात क्लोरीन टाकले तरी पाण्यात घाण जास्त असेल, तर ते तिथेच खर्ची पडते.

म्हणून नगरसेवक मत मागायला येतील तेव्हा तीन प्रश्न विचारा. आमच्या टाक्या कधी उपसणार आणि मैला कुठे नेणार? प्रकल्पाच्या वीज आणि देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात किती? नदीच्या पाण्याचा तपासणी अहवाल घाटावर फलकावर का लावत नाही? आंघोळीच्या पाण्यात विष्ठेतले जिवाणू १०० मिलिलिटरमागे २,५०० पेक्षा जास्त नसावेत, असा निकष आहे. आपल्या घाटावरचा आकडा आपल्याला माहीत असायलाच हवा.

तो आकडा वाढला तर दुसऱ्या दिवशी कळतो. वॉर्डातून तो कळायला दोन महिने लागतात.