गिरणीच्या फरशांवरून किंडरच्या माथ्यावर

रविवारी सकाळी मँचेस्टरहून शेफील्डकडे जाणारी थांबत थांबत जाणारी गाडी ईडेलच्या छोट्याशा स्टेशनात शिरते आणि अर्धी गाडी तिथेच रिकामी होते. उतरणाऱ्यांकडे सामान असे जवळजवळ नसतेच. पाठीवर एक पिशवी, पायांत जाड तळाचे बूट, गळ्यात प्लॅस्टिकच्या वेष्टनातला नकाशा आणि थर्मासमध्ये चहा. संध्याकाळच्या गाडीने ही सारी मंडळी घरी परतणार असतात. मधल्या सात-आठ तासांत ती डोंगर पायाखाली घालतात.

ईडेल हे इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातले एवढेसे गाव. एक चर्च, एक शाळा, दोन पब, दगडी घरे आणि चुन्या-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून केलेले बांध. बांधांच्या आत मेंढ्या. १८९४ साली इथे आगगाडी आली नसती, तर या गावाचे नाव बाहेरच्या जगाला कळले असते की नाही कोण जाणे! गावाच्या दक्षिणेला कण्यासारखी सरळ डोंगररांग आहे, तर उत्तरेला किंडर स्काउटचे भलेमोठे पठार. एकाच दरीच्या या दोन बाजू, पण स्वभाव अगदी वेगळे.

लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, तर दक्षिणेची वाट धरावी. मॅम टॉर हा ५१७ मीटर उंचीचा डोंगर आणि तिथून लूज हिलपर्यंत गेलेली धार, ही या भागातली सर्वांत लाडकी फेरी आहे. माथ्यावर फरसबंदी वाट आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या गढीचे मातीचे तट आजही ओळखू येतात. एका बाजूला ईडेलच्या दरीतून खेळण्यासारखी दिसणारी आगगाडी, दुसऱ्या बाजूला कॅसलटन गाव आणि त्यापलीकडे सिमेंटच्या कारखान्याचे धुराडे. हे धुराडे फोटोत येऊ नये म्हणून लोक बरीच धडपड करतात! मॅम टॉरची पूर्वेची बाजू सतत ढासळत असते. त्यामुळे त्याला ‘थरथरणारा डोंगर’ असेही म्हणतात. त्याच्या पायथ्याचा मोटाररस्ता पुन्हा पुन्हा खचत गेला आणि शेवटी १९७९ साली दुरुस्तीचा नाद सोडून तो कायमचा बंद करावा लागला. दुभंगलेले डांबर आणि त्यावरच्या पुसट पांढऱ्या रेघा तिथे अजून पाहायला मिळतात.

खरी चाल मात्र उत्तरेची. किंडर स्काउटची उंची आहे ६३६ मीटर. आकडा ऐकून ‘एवढेच?’ असे कोणी म्हणेल. पण वर पोचल्यावर जे दिसते, त्याने अनुभवी माणूसही गोंधळतो. तिथे शिखर नाहीच. आहे ते मैलोन् मैल पसरलेले ओलसर, तपकिरी माळरान. इंग्रजीत याला ‘मूर’ म्हणतात. पायाखाली माती नसते, तर ‘पीट’ असते. मेलेले शेवाळ आणि गवत पाण्यात न कुजता साचत जाऊन पीट तयार होते. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या वेगाने हजारो वर्षे साचलेला हा थर काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून जाड आहे. पावसाने त्यात खोल घळी पाडल्या आहेत. एका घळीतून वर यावे, तो दुसरी समोर. धुके उतरले की चारी दिशा सारख्याच दिसतात. म्हणून जाणकार पठाराच्या मध्यात शिरत नाहीत, कडेकडेने चालतात. देखावेही कडेवरूनच दिसतात. वाऱ्यापावसाने घासून गुळगुळीत केलेले चित्रविचित्र खडकही तिथेच आहेत. एका ठिकाणी लोकरीचे गठ्ठे रचून ठेवल्यासारखे खडक आहेत आणि त्यांना नावही तेच पडले आहे.

पश्चिमेच्या कड्यावरून सुमारे तीस मीटर खाली पडणारा किंडर डाउनफॉल हा धबधबा आहे. पश्चिमेचा वारा जोरात असला, की पाणी खाली न पडता उलटे वर उडते आणि ते तुषार दूरवरून ढगासारखे दिसतात. इथूनच, हवा स्वच्छ असेल तर, मँचेस्टरच्या इमारती नजरेच्या टप्प्यात येतात.

आणि मँचेस्टरहूनही हे पठार दिसते. आठवडाभर गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरात काढणाऱ्या कामगारांना ते रोज दिसत होते, पण तिथे पाऊल टाकायची मुभा नव्हती. सारे पठार खासगी मालकीचे. ग्राउस नावाच्या रानकोंबडीसारख्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी ते राखून ठेवलेले होते. शिकारीचे दिवस वर्षात मोजके, राखणदार मात्र बाराही महिने दंडुके घेऊन उभे. ग्राउसचे ओरडणे इंग्रजी कानांना ‘गो बॅक, गो बॅक’ असे ऐकू येते. मालकांनी पक्षीही नेमका निवडला होता, म्हणायचा!

२४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारीच, सुमारे चारशे तरुण-तरुणी हेफील्ड गावाहून निघाल्या आणि सरळ पठारावर चढल्या. त्यांचा म्होरक्या होता मँचेस्टरचा बेनी रॉथमन, वय वर्षे २०. वाटेत राखणदारांशी झटापट झाली. वर शेफील्डच्या बाजूने ईडेलमार्गे आलेली दुसरी तुकडी भेटली आणि सगळे गाणी म्हणत परतले. गावात पोलीस वाट पाहत होते. सहा जणांना अटक झाली. परवानगीविना दुसऱ्याच्या जमिनीवर चालणे हा तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा नव्हता. पण दंगा आणि मारहाण यांचे आरोप ठेवता येत होते. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार महिने. गंमत म्हणजे डोंगर चालणाऱ्यांच्या जुन्या संघटनांना हे धाडस मुळीच पसंत नव्हते. अर्ज-विनंत्यांनी सारे मिळेल, अशी त्यांची समजूत होती. त्या शिक्षांमुळे मात्र आजवर गप्प असलेले लोकही संतापले.

त्यानंतरही घाईने काही झाले नाही. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ साली हाच भाग, पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. १९६५ साली ईडेलच्या पबसमोरून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी, ४०० किलोमीटरहून लांब ‘पेनाइन वे’ ही पायवाट खुली झाली. इंग्लंड-वेल्समधल्या मोकळ्या माळरानांवर पायी हिंडण्याचा हक्क देणारा कायदा यायला २००० साल उजाडावे लागले. २००२ साली, त्या रविवारला सत्तर वर्षे झाली तेव्हा, जुन्या मालकाच्या घराण्यातले ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन काही महिने आधीच वारला होता.

हक्क मिळाला, तशी पावलेही वाढली. हजारो बुटांखाली पीट खचून पायवाटेचा चिखलाचा रुंद पट्टा झाला. तेव्हा हेलिकॉप्टरने दगडी फरशा आणून वाटेवर बसवल्या गेल्या. या फरशा आल्या त्या पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून. काहींवर यंत्रे पक्की करण्यासाठी पाडलेली भोके अजून दिसतात. आणि याच भागातल्या धुराड्यांच्या काजळीने पठारावरचे पाणी धरून ठेवणारे शेवाळ मारले होते. आता घळींना दगडी बांध घालून, शेवाळाची रोपे हातांनी लावून ते पुन्हा वाढवले जात आहे.

शिक्षण-नोकरीनिमित्त त्या भागात राहणाऱ्या मुला-सुनांकडे गेलेल्या आई-वडिलांनी एक दिवस इथे जरूर काढावा. ऑगस्टमध्ये हेदरच्या फुलांनी पठार जांभळे होते. त्या दिवसांतही स्वेटर आणि पावसाळी कोट बरोबर हवाच, कारण हवा तासाभरात पालटते. नकाशा आणि होकायंत्र न्यावे. मोबाइलवर विसंबू नये. कोरड्या उन्हाळ्यात काडी ओढू नये. पीट जमिनीखालून दिवसेंदिवस धुमसत राहते. सांभाळून ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे परतीच्या गाडीचे वेळापत्रक. शेवटची गाडी चुकली, तर ईडेलमध्ये मुक्कामाच्या खोल्या फार नाहीत.