किल्ला पडतो तो कोठारात

दौलताबादची सहल करून आलेल्या मुलाला काय पाहिलेस म्हणून विचारा. खंदक, अंधारी आणि मेंढा तोफ, हे उत्तर ठरलेले! कडे तासून सरळ केलेला सुमारे दोनशे मीटर उंचीचा डोंगर पाहिला की 'अजिंक्य' हा शब्द आपसूक तोंडी येतो आणि तोच वहीत उतरतो.

मग यादवांपासून निजामापर्यंत इतक्यांच्या हाती हा किल्ला गेला कसा?

१२९६ साली अल्लाउद्दीन खलजी अचानक देवगिरीवर आला, तेव्हा मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होते. रामदेवराव किल्ल्यात शिरले. घाईने वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फरिश्ता सांगतो. फरिश्ता या घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, म्हणून मिठाची गोष्ट जपूनच घ्यावी. मात्र रामदेवरावांना अमाप खंडणी देऊन तह करावा लागला, यात शंका नाही.

१६३३चा वेढा तर याहून बोलका आहे. मोगल सरदार महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले, हे खरे. पण डोंगरावरचा बालेकिल्ला सुरुंगाला दाद देणारा नव्हता. आत मलिक अंबरचा मुलगा फतेहखान होता आणि त्याच्या शिबंदीचे अन्न संपत आले होते. उपासमार आणि रोगराईने माणसे मरू लागली, तेव्हा बोलणी होऊन त्याने किल्ल्याच्या किल्ल्या दिल्या. हत्ती हौदासारखी पाण्याची सोय करून ठेवणारा गड अखेर दाण्यावाचून गेला!

१७६०त तो मराठ्यांकडे आला, तोही एक शिडी न लावता. लढाई झाली दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, उदगीरला. सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथे कोंडीत धरले आणि तहाच्या कागदावर दौलताबाद मिळवले. पुढे तो पुन्हा निजामाकडे गेला आणि १९४८च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थानाबरोबर भारतात आला. या तिन्ही वेळा अंधारीत कोणाला चाचपडावे लागले नाही.

आपल्या बखरप्रेमी मनाला तलवारीचा खणखणाट हवा असतो. किती खंडी धान्य, किती तोंडे, किती दिवस, हा हिशेब रुक्ष वाटतो. वेढ्यात उपाशी मेलेल्या शिपायांची नावेही म्हणूनच कुणी लिहून ठेवली नाहीत. पुढच्या सहलीत तोफेपाशी फोटो जरूर काढा. पण मुलांना एक प्रश्न द्या: इथे हजार माणसे सहा महिने राहायची, तर धान्य किती लागेल आणि ते ठेवायचे कुठे?