वाळवंटाची बदनामी

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या वाचकांच्या ताटात वाळू वाढणे शिष्टसंमत नव्हे, हे मला कळते. तरीही यंदा मी तेच करणार आहे. एका अफाट मुलखाची आपण सारे मिळून पिढ्यान्‌पिढ्या बदनामी करीत आलो आहोत, आणि या पापात प्रस्तुत लेखकाचाही वाटा आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणात नायिकेच्या 'आयुष्याचे वाळवंट' झालेले आहे. वाक्य लिहिले तेव्हा मी स्वतःवरच खूश झालो होतो. आज ते आठवले की मान खाली जाते.

ही मान खाली घालायला लावली सातवीतल्या एका मुलीने. भूगोलाच्या तासाला मी नेहमीचे पालुपद आळवीत होतो : वाळवंट म्हणजे वाळूचा ओसाड प्रदेश, तेथे काहीच नसते. मुलगी उभी राहिली. "गुरुजी, माझी आजी दर आषाढीला वाळवंटात जाते. तिथं तर पाय ठेवायला जागा नसते म्हणे!" वर्ग हसला, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू मावळले. चंद्रभागेकाठच्या ज्या वाळूत टाळमृदंगांचा गजर चालतो तिला आपण वाळवंट म्हणतो, आणि मेलेल्या म्हणून ठरवून टाकलेल्या मुलखालाही तोच शब्द लावतो. मग खरे काय?

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पण अक्षर वाचता येते. मिळेल ते वाचत गेलो, आणि माझ्याच पाठातले एकेक वाक्य खोटे ठरत गेले.

पहिले खोटे : वाळवंट म्हणजे वाळू. जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा हिस्सा वाळूखाली आहे. बाकी सारे उघडे खडक, गोटे, खडी आणि खारट मैदाने. सहाराचा विस्तार सुमारे ९० लाख चौरस किलोमीटर. त्यातही वाळूचा वाटा पावहिश्श्याच्या आसपासच. अरबी बोलणाऱ्यांना हे ठाऊक आहे. वाळूच्या सागराला ते 'अर्ग' म्हणतात, गोट्यांच्या मैदानाला 'रेग', खडकाळ पठाराला 'हमादा'. आम्ही मात्र सगळ्यांना एकाच दावणीला बांधून मोकळे!

असे का होते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावे लागू नये. खळ्यावरची उफणणी आठवा. पाटीतून धान्य वाऱ्यावर सोडले की दाणा पायाशी पडतो, भुसकट दूर जाते. वारा वाळवंटात हजारो वर्षे हीच उफणणी करीत आहे. बारीक धूळ आकाशात चढून देशोदेशी जाते, वाळू जवळपास साचते, आणि जे उचलवत नाही ते गोटे जागच्या जागी राहतात. ज्याला आपण ओसाडी म्हणतो ते निसर्गाने नीट निवडून ठेवलेले खळे आहे.

दुसरे खोटे : वारा वाळू मनाला येईल तशी भिरकावतो. राल्फ बॅगनोल्ड नावाचा एक इंग्रज लष्करी अभियंता १९२० नंतरच्या दशकात फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडला. परत येऊन त्याने वाऱ्याचा बोगदा बांधला, त्यात वाळू उडवून मोजमापे केली, आणि १९४१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने दाखवून दिले की वाळूचा कण उड्या मारीत जातो. तो खाली आपटतो आणि आपटताना दुसऱ्यांना उडवतो. स्वतःपेक्षा दोनशेपट वजनाचा कणही तो पुढे ढकलू शकतो. या उड्या बहुधा गुडघाभर उंचीच्याच. म्हणून वाळवंटातले खडक बुडाशी झिजतात आणि वर छत्रीसारखे राहतात. चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकडीची शिंगे वारा जातो त्या दिशेला वळलेली असतात. तिची वाऱ्याकडची चढण सौम्य, पाठीमागची उतरण साधारण तेहेतीस अंशांची. लहान टेकडी लवकर सरकते, मोठी सावकाश. यात लहरीपणा कुठे आहे? आमच्या शाळेच्या वेळापत्रकात इतकी शिस्त नाही!

तिसरे आणि सर्वांत घातक खोटे : वाळवंट मेलेले असते. आपल्या थरकडेच पाहा. जगातल्या सर्वांत दाट वस्तीच्या वाळवंटांत त्याची गणना होते. तेथल्या अनेक टेकड्यांचा आकार चंद्रकोरीच्या नेमका उलट आहे : त्यांचे हात नैर्ऋत्येकडे, म्हणजे वारा येतो तिकडे पसरलेले. का? तर कडेच्या वाळूला गवता-झुडपांच्या मुळांनी धरून ठेवले आणि मधला भाग तेवढा पुढे सरकला. वारा आणि मुळे यांच्यातल्या हजारो वर्षांच्या रस्सीखेचीची ही आकृती आहे. आणि वाळू आली कोठून? बरीचशी सिंधूच्या खोऱ्यातून, जुन्या नद्यांनी आणलेल्या गाळातून. म्हणजे आमच्या मराठी शब्दाला पुरे ठाऊक होते. नदीची वाळू तेच वाळवंट. चुकलो ते आम्ही मास्तर.

कोणी म्हणेल, शब्दावरून एवढा आकांडतांडव कशाला? कारण शब्दापाठोपाठ ट्रॅक्टर येतो. एखाद्या जमिनीला कागदावर 'पडीक' म्हटले की तिचे काहीही करायला आपण मोकळे होतो. थरमधली गवताची राने ट्रॅक्टरने खोल नांगरली. मुळे तुटली आणि स्वस्थ पडलेली वाळू पुन्हा चालू लागली. कालव्याचे पाणी आणले; पण काही भागांत वाळूखाली जिप्समचा कठीण थर आहे, तेथे पाणी मुरेना, आणि तहानलेल्या म्हटलेल्या शेतांत दलदल माजली. आता सूर्याच्या विजेसाठी त्याच 'रिकाम्या' जमिनीवर तारा ताणल्या जात आहेत. त्या तारांना आपटून माळढोक मरतो. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य केले, तोच हा पक्षी.

मला वीज नको आहे का? कालवा नको आहे का? हव्या आहेत, राजस्थानातल्या माउलीने कोसभर घागर वाहावी असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, आधी जमीन वाचा, मग तिच्यावर लिहा. तेथली माणसे ती वाचत आली आहेत. जैसलमेरकडचे शेतकरी खोलगट जागी पाळ घालून पावसाचे पाणी अडवतात आणि त्या 'खडीन'च्या ओलीवर गहू-हरभरा घेतात. खेजडली गावात १७३० साली खेजडीची झाडे वाचवताना ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले. झाड गेले की वाळू उठते, हे त्यांना कोणत्या पाठ्यपुस्तकाने शिकवले होते?

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी पुष्कळजण जैसलमेरला जातील, उंटावर बसतील, मावळत्या सूर्याबरोबर फोटो काढतील. खुशाल काढा. पण मुलांना वाळूच्या लाटांपाशी बसवून वारा कोणीकडून आला ते ओळखायला सांगा. जवळच आकलला जा. तेथे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची दगड झालेली खोडे आहेत. 'येथे काहीच नसते' हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारून पाहा.

माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. तिच्यातले ते वाक्य मी काढून टाकले आहे. नायिकेच्या आयुष्याचे काय झाले, ते आता सरळ शब्दांत लिहिले आहे. आणि सातवीच्या वर्गात, पहिल्या बाकावरच्या त्या मुलीची मी जाहीर माफी मागितली आहे. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी कधी 'वाळवंट' हा शब्द शिवीसारखा वापरला असेल, त्यांनी आपापला हिशेब पाहावा.