निवृत्त जवान आणि विम्याचा बाजार

सामान्य शिपाई पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर चाळिशीच्या आत गावी परततो. मुले शिकत असतात, आईवडील थकलेले असतात. सेवेत असताना कुटुंबाच्या आजारपणाचा भार पलटण वाहत होती. यापुढे तजवीज कशी करावयाची? साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या सैन्याला माणसे देणाऱ्या गावांत हा प्रश्न घरोघरचा आहे. विमा कंपन्यांनाही तो ठाऊक आहे.

या प्रश्नाला सामुदायिक उत्तर उपलब्ध आहे. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. निवृत्तिवेतन घेणाऱ्या सैनिकाने एकदाच वर्गणी भरावयाची. डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार ती हवालदारापर्यंत ३० हजार, सुभेदार वर्गास ६७ हजार आणि अधिकाऱ्यांस १ लाख २० हजार रुपये आहे. पत्नीस आयुष्यभर, तर मुले व आईवडील यांना ते अवलंबून असेपर्यंत संरक्षण मिळते. सदस्य होण्यास सैनिकाला वयाची अट नाही, जुन्या आजाराची आडकाठी नाही, खर्चाची कमाल मर्यादा नाही. ज्याची ऐपत कमी त्याची वर्गणी कमी, पण उपचार सर्वांस. समाजवादी विचाराचे सार याहून वेगळे काय आहे?

याउलट खाजगी कौटुंबिक विम्यात एकच ठरावीक रक्कम साऱ्या घराने वाटून घ्यावयाची असते. हप्ता दरवर्षी भरावा लागतो आणि वयाबरोबर वाढतो. नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये मर्यादा घटविली, तरीही जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत वाट पाहावी लागू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर रद्द झाला, हे योग्यच झाले. परंतु त्याने नफ्याचे गणित बदलत नाही. म्हणून निवृत्त जवानाने आधी प्रत्येक अवलंबिताचे नाव योजनेत नोंदवून कार्ड हाती घ्यावे. खाजगी विमा घ्यावयाचाच झाला तर तो पूरक म्हणून, अटी वाचून घ्यावा. पर्याय म्हणून नव्हे.

तरीही जवान बाजाराकडे वळतो, आणि त्याचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. डोंगरी तालुक्यातून योजनेचे चिकित्सालय दूर पडते. औषधे वेळेवर मिळत नाहीत. सरकारकडून देयके थकली की संलग्न रुग्णालये रोकडविरहित उपचारांस टाळाटाळ करतात. तत्त्व उत्तम आणि तरतूद अपुरी, असा हा प्रकार आहे. सार्वजनिक सेवा कुपोषित ठेवावयाची आणि मग लोकांनी आपखुशीने खाजगी सेवा निवडली असे म्हणावयाचे, ही सरकारांची जुनीच रीत आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेने चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरास निवृत्तिवेतन नाकारले, माजी सैनिकाचा दर्जा नाकारला आणि ही आरोग्य योजनाही नाकारली. चौघांपैकी तिघांच्या वाट्याला हेच येणार. त्याच सीमेवर, त्याच थंडीत उभ्या राहिलेल्या तरुणास घरी आल्यावर मात्र विम्याच्या बाजारात एकटे सोडावयाचे, हा कोणता न्याय?

रुग्णालयांची देयके ठरल्या मुदतीत चुकती करा, तालुक्यापर्यंत चिकित्सालये न्या आणि अग्निवीरांस योजनेत घ्या, या तीन मागण्या माजी सैनिकांच्या संघटनांनी कामगार व शेतकरी संघटनांसह लावून धरल्या पाहिजेत. उपचार हा सैनिकाचा हक्क आहे, तसाच तो त्याच्या शेजारच्या शेतमजुराचाही आहे. एकाचा हक्क शाबूत राहिला, तरच दुसऱ्याच्या हक्कासाठी लढण्यास पाय रोवावयाला जागा उरेल.