बॅगपाइपची पिशवी कातड्याचीच का हवी?

ग्लासगो शहरातल्या ग्लासगो ग्रीन मैदानावर दर ऑगस्टमध्ये जागतिक पाइप बँड स्पर्धा भरते. पहिल्या श्रेणीच्या बँडमध्ये साधारण वीस-पंचवीस पाइपवादक असतात. प्रत्येकाच्या काखेत हवेची पिशवी, पुढ्यात सुरावट वाजवायची चँटर नावाची नळी आणि खांद्यावर तीन ड्रोन, म्हणजे अखंड एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या. सनईवाल्याला सूर द्यायला शेजारी दुसरा माणूस लागतो. इथे ते काम वादकाचं स्वतःचं वाद्यच करतं. पंचवीस वादक म्हणजे पंच्याहत्तर ड्रोन. ते एकमेकांशी आणि पंचवीस चँटरशी जुळलेले नसतील तर बोटं कितीही तयार असली तरी बँड मागे पडतो. हे जुळवणं गेल्या काही दशकांत जितकं नेटकं झालं आहे तितकं पूर्वी नव्हतं आणि त्यात कृत्रिम साहित्याचा वाटा मोठा आहे. कातड्याच्या पिशवीऐवजी कृत्रिम कापडाची पिशवी आली, ड्रोनमध्ये देवनळाच्या रीडऐवजी, म्हणजे हवेने थरथरून सूर काढणाऱ्या पट्टीऐवजी, कृत्रिम रीड आल्या, बऱ्याच बँडनी प्लास्टिकचे चँटर स्वीकारले. यामुळे वाद्याचं मूळ रूप हरवलं अशी हळहळ जाणकारांतही ऐकू येते. ती समजण्यासारखी असली तरी अस्थानी आहे, असं माझं मत आहे.

आधी कातडं काय करतं ते पाहू. वादकाचा श्वास उष्ण आणि दमट असतो. तो सतत पिशवीत जातो आणि तिथून चारही नळ्यांतल्या रीडवर आदळतो. कातडं त्यातला बराच ओलावा शोषून घेतं, हा त्याचा खरा गुण. पण त्यासाठी ते मऊ आणि हवाबंद ठेवावं लागतं. ठरावीक काळाने आत चिकट द्रव ओतून, पिशवी चोळून, शिवणी बुजवून घ्याव्या लागतात. काही आठवडे वाद्य वाजवलं नाही तर कातडं आक्रसतं आणि हवा गळू लागते. देवनळाची ड्रोन-रीड तर त्याहून लहरी. ओलावा धरला की तिचा सूर सरकतो, कधी ती वाजता वाजता बंदच पडते. एकटा वादक हे सांभाळून घेऊ शकतो, कारण आपल्या वाद्याचा स्वभाव त्याला ठाऊक असतो. पंचवीस माणसांचा श्वास मात्र सारखा नसतो आणि मैदानातल्या पावसाळी गारठ्यात प्रत्येक रीड आपापल्या दिशेने सरकते. कृत्रिम रीड ओलावा शोषत नाही. कृत्रिम कापडाची पिशवी वाफेला थोडी वाट देते, आत पाणी टिपणारी सोय बसवता येते आणि तिला चेन असल्यामुळे ती उघडून वाळवताही येते.

राहिला परंपरेचा मुद्दा. हायलँड पाइपचं, म्हणजे याच स्कॉटिश बॅगपाइपचं, ‘अस्सल’ मानलं जाणारं काळं लाकूड स्कॉटलंडमध्ये उगवतच नाही. ते आफ्रिकन ब्लॅकवूड, टांझानिया-मोझांबिककडचं, आपल्या शिसवीच्याच कुळातलं. त्याच्याआधी एबनी आणि कॅरिबियन बेटांचं कोकसवूड होतं, त्याहीआधी लॅबर्नम आणि हॉलीसारखी जवळपासची झाडं. साम्राज्याच्या जहाजांतून आलेलं लाकूड शंभर-दीडशे वर्षांत ‘पारंपरिक’ होऊ शकतं, तर कृत्रिम रीडने असं कोणतं पाप केलं? पट्टीही स्थिर राहिलेली नाही. आज बँडच्या चँटरचा आधारस्वर ४८० हर्ट्झच्या आसपास असतो. जुन्या ध्वनिमुद्रणांत तो बराच खाली ऐकू येतो. खुद्द पाइप बँड हा प्रकारही एकोणिसाव्या शतकात लष्कराने पाइप आणि ढोल एकत्र आणले त्यातून उभा राहिला आणि बँडची स्कॉटिश संघटना १९३० सालची. बँडच्या दुसऱ्या अंगाकडे तर कुणी बोटही दाखवत नाही. स्नेअर ड्रमवरचं कातडं केव्हाच गेलं. तिथे आधी प्लास्टिक आलं, मग गोळीरोधक कवचात वापरतात ते केव्हलार. त्याला देता येणाऱ्या ताणामुळेच आजचा करकरीत, कोरडा ठेका शक्य झाला. ढोलावर चालतं ते पिशवीत का खटकावं, याचं पटेल असं उत्तर मिळत नाही.

यावर खरा आक्षेप आवाजाचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. देवनळाच्या ड्रोनचा नाद भरदार, किंचित खरखरीत असतो; कृत्रिम रीडचा गुळगुळीत. पिबरॉख वाजवणारे काही एकल वादक म्हणूनच कातडं आणि देवनळ सोडत नाहीत. पिबरॉख म्हणजे एकाच सुरावटीचा संथ, टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार. तिथे ड्रोनचा पोतच अर्धं संगीत असतो आणि त्या वादकांचा हट्ट योग्यच आहे. चँटरच्या दुहेरी रीडचा प्रकार आणखी बोलका. तीही कृत्रिम बनवण्याचे प्रयत्न झाले, पण अव्वल बँड बहुतांशी देवनळालाच चिकटून आहेत, कारण तसा आवाज दुसऱ्यातून निघत नाही. म्हणजे या मंडळींनी प्लास्टिक डोळे मिटून घेतलेलं नाही. जिथे कानाला पटलं तिथे घेतलं, जिथे पटलं नाही तिथे नाकारलं.

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाला लगेच उमगेल. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने गवयाचा जवारी लावणारा, तारा मिळवणारा कान मंदावला असं म्हणतात. स्थिर रीडने पाइपवादकाचं तेच होणार नाही का? फरक असा, की इलेक्ट्रॉनिक तानपुरा मिळवण्याचं कामच माणसाकडून काढून घेतो. कृत्रिम रीड ते काढून घेत नाही. ड्रोनचे जोड सरकवून सूर लावावाच लागतो, चँटरच्या भोकांवर चिकटपट्टीचा तुकडा किंचित वर-खाली करून एकेक स्वर बसवावा लागतो, पिशवीवरचा दाब कोपराने अखंड सारखा ठेवावा लागतो. दाब हलला की साहित्य कोणतंही असो, सूर हलतोच. या वाद्याला आवाज लहान-मोठा करता येत नाही, दोन स्वरांमध्ये थांबताही येत नाही. नऊच स्वर, तेही सलग. एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता कण घालावा लागतो आणि अशा कणांची गुंफण हीच वादकाची विद्या. ती जुन्या काळी कॅन्टरॅख्तमधून, म्हणजे तबल्याच्या बोलांसारख्या निरर्थक अक्षरांत गाऊन, गुरूकडून शिष्याकडे जायची. त्या अक्षरांना पिशवीच्या कातड्याशी काही देणंघेणं नव्हतं.

प्लास्टिकच्या बाजूने बोलताना एक थाप मात्र खपवून घेऊ नये: नवं साहित्य म्हणजे देखभालीतून सुटका, ही. २०१६ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात मँचेस्टरच्या डॉक्टरांनी ६१ वर्षांच्या एका पाइपवादकाची हकिगत प्रसिद्ध केली. तो रोज वाजवायचा आणि अनेक वर्षं खोकला व धाप यांनी बेजार होता. तीन महिने ऑस्ट्रेलियात राहिला, पाइप घरीच होते, तेव्हा त्याला बरं वाटलं. पुढे फुफ्फुसाच्या दाहानेच तो गेला. त्याच्या वाद्यातून घेतलेल्या नमुन्यांत अनेक जातींच्या बुरश्या सापडल्या. एका रुग्णावरून नियम काढता येत नाही, हे खरं. पण दमट, अंधारी पिशवी आणि तिला जोडलेलं तोंड हे समीकरण कातड्यालाही लागू आहे आणि कापडालाही. वाजवून झालं की पिशवी उघडून वाळवणं, नळ्यांतून कापड फिरवून ओल काढणं, लाकूड तडकू नये म्हणून त्याला उन्हापासून जपणं, जोडांवरचा मेणलेला दोरा सैल झाला की पुन्हा गुंडाळणं, हे कुणालाच चुकत नाही. चेन लावलेली पिशवी हे काम सोपं करते, एवढंच.

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये लष्कराचे पाइप बँड असतात, उत्तराखंडच्या लग्नांत मशकबीन, म्हणजे बॅगपाइपच, वाजते आणि प्रजासत्ताक दिनाच्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलांच्या व मुलींच्या पाइप बँडसाठी वेगळे गट आहेत. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बंद कातड्याचं काय होतं हे चामड्याच्या चपला ठेवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. शाळेचं वाद्य सुटीत महिना-दीड महिना पडून राहतं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाच्या तोंडाला लागतं. लाकडाचा व्यापारही पूर्वीसारखा मोकळा नाही. जानेवारी २०१७ पासून ब्लॅकवूड आणि आपला शिसम धरून ते सगळं कूळ सायटीस या, धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. तयार वाद्यांना २०१९ अखेरीस सूट मिळाली, ओंडक्यांना नाही. तेव्हा शाळेने प्लास्टिकचे चँटर, कृत्रिम ड्रोन-रीड आणि चेनची पिशवी घ्यावी, त्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. वाचलेल्या पैशांतून दर वर्षी चँटरच्या चांगल्या रीड आणि प्रत्येक मुलासाठी फुंकायची स्वतंत्र नळी घ्यावी. हा खर्च किल्ट आणि टोपीवरच्या तुऱ्यांच्या आधी धरायला हवा.